देवगिरीची तार आणि परमाणू

‘स्ट्रिंग थिअरी आपल्याकडे कणादांनी केव्हाच सांगून ठेवली आहे’, हे वाक्य आमच्या छत्रपती संभाजीनगरात मी व्याख्यानांतून तीन-चारदा तरी ऐकले आहे. एकदा तर ते मीच बोललो आहे. दहाएक वर्षांपूर्वी त्यावर एक लेखही लिहून ठेवला होता. सुदैवाने तो कुठे पाठवला नाही. पदार्थविज्ञान माझे शाळेपुरते, संस्कृत चाळिशीनंतर पुस्तकांवरून शिकलेले. दोन्हीकडचे शब्द जुळले की अर्थही जुळला, असे तेव्हा वाटायचे. तो लेख बाद का करावा लागला, त्याची ही हकीकत. ती शहरापासून पंधराएक किलोमीटरवरच्या देवगिरीशी जोडलेली आहे.

किल्ल्यावर आज नजरेत भरतो तो पंधराव्या शतकातला चांद मिनार. पण त्याआधी दोनशे वर्षे, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, येथे यादव राजा सिंघण राज्य करीत होता. त्याच्या पदरी शार्ङ्गदेव होता. आजोबा काश्मीरहून आलेले, वडील सोढल हे यादवांचे श्रीकरणाधिपती, म्हणजे जमाखर्च आणि दप्तराचे प्रमुख. हिशेबी घरातल्या या माणसाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, आणि त्यात तारांचा जो प्रयोग मांडला तो हिशेबनिसालाच शोभेल असा आहे.

दोन सारख्या वीणा घ्यायच्या, प्रत्येकीला बावीस तारा. पहिली तार शक्य तितकी खाली लावायची आणि पुढची प्रत्येक तार इतकीच चढवायची की दोघींच्या मध्ये तिसरा ध्वनी मावू नये. एक वीणा अचल ठेवायची, दुसरी एकेका श्रुतीने उतरवत न्यायची. दुसऱ्या उतरणीला तिचे गंधार आणि निषाद अचल वीणेच्या ऋषभ-धैवतात मिसळतात. तिसरीला ऋषभ-धैवत हे षड्ज-पंचमात. चौथीला षड्ज, मध्यम आणि पंचम हे अनुक्रमे निषाद, गंधार आणि मध्यमात. मूळ कल्पना भरताची, पण बावीस तारांची ही मांडणी शार्ङ्गदेवाची. नादाचा लहानात लहान घटक कोणता, हा प्रश्न त्याने असा कानाने सोडवला.

याच राजाकडे भट्ट वादींद्र नावाचा पंडित धर्माध्यक्ष होता. त्याने कणादसूत्रांवर निबंध लिहिला, उदयनाच्या ‘किरणावली’वर ‘रससार’ ही टीका लिहिली. म्हणजे तार आणि परमाणू, दोन्हींचे जाणकार एकाच दरबारात! माझ्या जुन्या लेखाचा सगळा डोलारा या योगायोगावर उभा होता.

वैशेषिक मत नीट वाचू लागलो तेव्हा तो कोसळला. पृथ्वी, जल, तेज आणि वायू यांचे परमाणू नित्य, आणि एका जातीचा परमाणू दुसऱ्या जातीचा कधीच होत नाही. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक; झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगणारा कण तो हा. परमाणू निरवयव असतो, त्याला लांबी असती तर त्याचे तुकडे पडले असते. आणि शब्द? तो परमाणूंचा गुणच नव्हे, तो आकाशाचा. वीणेचा नाद आणि मातीचा कण या शास्त्राने मुद्दाम वेगळ्या खोल्यांत ठेवले आहेत.

स्ट्रिंग थिअरीचे म्हणणे नेमके उलट. तिची सुरुवात १९६८ मध्ये व्हेनेत्सियानो यांच्या एका सूत्रातून झाली. ते सूत्र कंप पावणाऱ्या तारेचे आहे हे काही वर्षांत नांबू, नील्सन आणि ससकिंड यांनी दाखवले. इथे मूळ वस्तूला लांबी आहे. ती दशांशचिन्हानंतर चौतीस शून्यांनंतर सुरू होणाऱ्या मीटरच्या अंशाइतकी असावी असे सर्वसाधारणपणे मानतात. तारेचा प्रकार एकच, कंपनाची तऱ्हा बदलली की कण बदलतो. गणित जुळायला दहा मिती लागतात, आणि आजवर एकाही प्रयोगाने तिला दुजोरा दिलेला नाही. कणादांवर हे लादणे म्हणजे त्यांचे चार जातींचे परमाणू आणि निरवयवत्व, दोन्ही मोडीत काढणे.

वादींद्राने माझा लेख वाचला असता तर काय झाले असते, याची कल्पना त्याच्या ‘महाविद्याविडंबन’वरून येते. कुलार्क पंडिताने मीमांसकांविरुद्ध ‘शब्द अनित्य आहे’ हे सिद्ध करण्यासाठी काही वाकडी अनुमाने रचली होती, त्यांना महाविद्या म्हणत. शब्द अनित्य हे तर वादींद्राच्या स्वतःच्या दर्शनाचेही मत. तरीही त्याने त्या अनुमानांच्या चिंधड्या केल्या. निष्कर्ष आपल्या बाजूचा आहे म्हणून वाकडा पुरावा त्याने चालवून घेतला नाही. मी घेतला होता.

हा ग्रंथ १९२० मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत निघाला. संपादक मंगेश रामकृष्ण तेलंग. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये छापलेल्या ‘संगीतरत्नाकरा’चे संपादकही तेच. देवगिरीची तार आणि परमाणू खरोखर एका टेबलावर आले ते या गृहस्थाच्या. त्यांच्याविषयी आपल्याकडे किती कमी लिहिले गेले आहे!

आधुनिक तारेशी महाराष्ट्राचा खराखुरा संबंधही आहेच, त्यासाठी कणादांना वेठीस धरायला नको. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना अशोक सेन यांनी १९९४ मध्ये महत्त्वाचे काम केले. बल तीव्र असताना गणिते अडतात. पण तो सिद्धांत सौम्य बलाच्या सिद्धांताचेच दुसरे रूप असू शकतो, या कल्पनेला त्यातून भक्कम आधार मिळाला. कृष्णविवरांच्या एन्ट्रॉपीची तारांच्या भाषेत मोजदाद करणारे कोल्हापूरचे अतीश दाभोलकर याच संस्थेत अनेक वर्षे होते. २०१९ मध्ये ते इटलीतल्या त्रिएस्त येथील आयसीटीपी या केंद्राचे संचालक झाले. जानेवारी २००१ मध्ये या विषयाची जागतिक परिषद मुंबईत भरली, तेव्हा स्टीफन हॉकिंगही आले होते.

जुन्या लेखाचे कागद मी टाकले नाहीत, पाठकोरे वापरतो. त्यातल्या एकावर परवा शार्ङ्गदेवाचा हिशेब पुन्हा मांडून पाहिला. षड्ज चार, ऋषभ तीन, गंधार दोन, मध्यम चार, पंचम चार, धैवत तीन, निषाद दोन. बेरीज बावीस.