उजव्या कप्प्यातला फेस

'हृदय' हा शब्द आपण साहित्याच्या वर्गात इतका वापरतो की, ते चार कप्प्यांचे एक यंत्र आहे याचा विसर पडतो. पॉल बेर या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाला तो पडला नव्हता. हवेच्या दाबावरील त्याचा ग्रंथ १८७८ साली प्रसिद्ध झाला. भारी दाबातून एकाएकी मुक्त केलेल्या प्राण्यांच्या हृदयाच्या उजव्या बाजूस त्याला वायूने फेसाळलेले रक्त आढळले. हा वायू मुख्यतः नायट्रोजन. दाबाखाली तो रक्तात व ऊतींत विरघळतो. दाब सावकाश उतरला तर फुप्फुसांवाटे निमूट निघून जातो, झटक्यात उतरला तर बुडबुडे होऊन प्रकटतो. फेस दाबला जातो, पण पुढे ढकलला जात नाही. बुडबुडे फार झाले तर हृदय आकुंचन पावत राहते आणि अभिसरण मात्र थांबते.

त्या काळी हा आजार पाणबुड्यांइतकाच पूल बांधणाऱ्या मजुरांचाही होता. नदीच्या तळाशी, दाबलेल्या हवेच्या पेट्यांत उतरून ते पाया खणत. धोका आत जाण्यात नसून बाहेर येण्यात आहे, हे पोल आणि वातेल यांनी १८५४ मध्येच नोंदवले होते. तरीही सेंट लुईसच्या पुलावर मजूर मेले; ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये अंथरुणाला खिळला. वेदनेने वाकलेल्या मजुरांची तुलना सोबती तत्कालीन नटव्या स्त्रियांच्या वाकलेल्या चालीशी करीत. 'बेंड्स' हे नाव त्या थट्टेतून आले असे सांगतात. थट्टेची परिभाषा होते, तेव्हा तिच्यातली वेदना कोशात उतरत नाही!

१९०८ मध्ये हाल्डेन व त्याच्या सहकाऱ्यांनी टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके दिली. ती पाळूनही काही पाणबुडे आजारी पडत, आणि संशय साहजिकच त्यांच्या शिस्तीवर येई. १९८९ मध्ये एक निराळे कारण पुढे आले. गर्भावस्थेत हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात एक वाट असते. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या माणसांत ती जन्मानंतर पुरती मिटत नाही. एरवी बारीक बुडबुडे फुप्फुसांत गाळले जातात. ही वाट उघडी असली की ते गाळणी चुकवून डाव्या बाजूस आणि तेथून मेंदूकडे जाऊ शकतात. गंभीर मज्जाविकार झालेल्या पाणबुड्यांमध्ये ती अधिक प्रमाणात आढळली. एकाच खोलीवरून, एकाच कोष्टकाने वर आलेल्या दोघांपैकी एकालाच आजार का होतो, याचे एक उत्तर या जन्मापूर्वीच्या वाटेत होते.