न मागितलेली पायरी : ‘ईगर स्पूल’चा पूर्वेतिहास

१/ नाशिकच्या सातपूरमधील एखाद्या कारखान्याने पगारवाढीची आज्ञा एस्क्यूएल सर्व्हरला दिली, तर अंमलबजावणीच्या आराखड्यात ‘ईगर स्पूल’ ही कोणीही न मागितलेली पायरी दिसू शकते. ती आली कुठून?

२/ १९७० च्या दशकाचा मध्य. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे आयबीएमचे संशोधक ‘सिस्टिम आर’ घडवत होते. पॅट सेलिंजर आणि मॉर्टन ॲस्ट्राहान यांच्यासमोर एक आज्ञा होती : २५,००० डॉलरहून कमी वेतन असलेल्यांना १० टक्के वाढ. ती विनातक्रार पूर्ण झाली; पण पाहतात तो प्रत्येकाचे वेतन किमान २५,००० झालेले!

३/ यंत्र वेतनाच्या चढत्या क्रमाची सूची वाचत होते. वाढ मिळालेली नोंद सूचीत पुढे सरके आणि पुन्हा वाचनात येई. पंगतीत एकदा वाढून झालेला माणूस उठून पुढच्या पानावर बसावा, तसे.

४/ तो दिवस हॅलोविनचा होता. म्हणून नाव पडले ‘हॅलोविन समस्या’. भुतांचा संबंध एवढाच.

५/ उपाय साधा : पात्र नोंदी आधी बाजूला उतरवाव्यात, मगच बदलाव्यात. स्पूल ही ती बाजूची वही. शेवटची नोंद उतरेपर्यंत ती पुढे काहीच देत नाही, म्हणून ‘ईगर’.

६/ आयआयटी मुंबईचे प्रा. एस. सुदर्शन सहलेखक असलेल्या ‘डेटाबेस सिस्टिम कॉन्सेप्ट्स’ या पाठ्यपुस्तकातही ही समस्या येते. ही पायरी वेळ खाते, हे खरे. मात्र ती खटकली, तर काढण्यापूर्वी विचारावे : ही कशाची राखण करते आहे?