झिगलर–निकोल्स पद्धत

झिगलर–निकोल्स पद्धत ही पीआयडी नियंत्रकाचे स्थिरांक ठरवण्याची प्रयोगाधिष्ठित पद्धत आहे. अमेरिकेतील टेलर इन्स्ट्रुमेंट कंपनीज या उद्योगातील जॉन झिगलर व नॅथॅनिएल निकोल्स या अभियंत्यांनी ती १९४२ मध्ये मांडली. प्रक्रियेचे गणिती प्रतिमान उपलब्ध नसतानाही ती वापरता येते.

पार्श्वभूमी

फीडबॅक नियंत्रणात इष्ट मूल्य आणि मोजलेले मूल्य यांतील फरकास त्रुटी म्हणतात. पीआयडी नियंत्रकाची समानुपाती क्रिया त्रुटीच्या प्रमाणात दुरुस्ती करते, समाकलन क्रिया साचलेल्या त्रुटीच्या आधारे उरलेला फरक नाहीसा करते, तर अवकलन क्रिया त्रुटी बदलण्याच्या वेगानुसार आगाऊ दुरुस्ती करते. यांचे प्रमाण चुकल्यास प्रतिसाद मंदावतो किंवा प्रणाली अस्थिर होते.

कार्यपद्धती

समाकलन व अवकलन क्रिया बंद ठेवून समानुपाती गुणांक टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि प्रत्येक टप्प्यावर इष्ट मूल्यात लहानसा बदल करून प्रतिसाद पाहतात. न वाढणारी व न विरणारी दोलने ज्या गुणांकाला सुरू होतात, तो सीमांत गुणांक होय. एका दोलनास लागणारा वेळ हा सीमांत आवर्तकाल होय.

सूत्रे

- पी नियंत्रक: सीमांत गुणांकाच्या ०.५ पट गुणांक.
- पीआय नियंत्रक: ०.४५ पट गुणांक; समाकलन काल = आवर्तकाल ÷ १.२.
- पीआयडी नियंत्रक: ०.६ पट गुणांक; समाकलन काल = आवर्तकाल ÷ २; अवकलन काल = आवर्तकाल ÷ ८.

उदाहरणार्थ, सीमांत गुणांक ८ व आवर्तकाल ४० सेकंद असल्यास पीआयडी नियंत्रकासाठी गुणांक ४.८, समाकलन काल २० सेकंद व अवकलन काल ५ सेकंद येतो. तिन्ही क्रियांचे गुणांक स्वतंत्रपणे भरावे लागणाऱ्या नियंत्रकात हे काल थेट भरता येत नाहीत; तेथे समाकलन गुणांक ४.८ ÷ २० = ०.२४ आणि अवकलन गुणांक ४.८ × ५ = २४ असा घ्यावा लागतो.

मर्यादा

या सूत्रांत प्रत्येक दोलनाचा आयाम आधीच्या सुमारे एक चतुर्थांश व्हावा, असे उद्दिष्ट आहे. त्यामुळे बाह्य अडथळ्यांची दुरुस्ती जलद होते. मात्र इष्ट मूल्य बदलल्यास प्रतिसाद ते बराच ओलांडून जातो. म्हणून मिळालेली मूल्ये अंतिम न मानता पुढील सूक्ष्म जुळणीचा आरंभबिंदू मानतात.

चाचणीत प्रणाली स्थिरतेच्या सीमेवर न्यावी लागत असल्याने उच्च दाबाच्या वा उष्णता निर्माण करणाऱ्या प्रक्रियांत ती धोकादायक ठरू शकते. अशा ठिकाणी झिगलर व निकोल्स यांचीच दुसरी पद्धत वापरता येते. तीत नियंत्रण वर्तुळ खुले ठेवून एकाच पायरीसदृश बदलाला मिळणारा प्रतिसाद नोंदवतात. स्वीडनमधील कार्ल योहान ऑस्ट्रॉम व टोरे हेग्लुंड यांनी १९८४ मध्ये सुचवलेल्या रिले पद्धतीत दोलनांचा आयाम मर्यादित ठेवता येतो.