न दिसणारा जाच

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही इतिहासपर लिहून द्या, असा अध्यक्षाबाईंचा निरोप आला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाड्यांच्या लढाया माझ्याने लिहून व्हायच्या नाहीत. पण घरातल्या जाचालाही इतिहास आहे आणि तो आपण बायकांनी तरी वाचलाच पाहिजे, असे मला फार दिवस वाटत होते. म्हणून वाचून जे समजले ते भगिनींपुढे ठेवते.

अंगावर हात टाकला म्हणजेच जाच, असे आपण धरून चालतो. वळ दिसला तर शेजारीण हळहळते. वळ नसला तर म्हणते, “हिला काय कमी आहे? खाऊनपिऊन सुखी आहे.” कायदाही पुष्कळ वर्षे असाच पाहत होता. एके काळी तर तो जबरदस्ती करणाऱ्याच्याच पाठीशी होता.

मुंबईच्या रखमाबाईंची गोष्ट पाहा. त्यांचा जन्म १८६४ सालचा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचे लग्न लावून दिले. त्या मात्र माहेरीच राहिल्या आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या आधाराने वाचू-लिहू लागल्या. पुढे १८८४ साली दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला, की बायको नांदायला पाठवा. रखमाबाईंनी निक्षून नकार दिला. अजाणत्या वयात, आपल्याला न विचारता झालेल्या लग्नाने आपण बांधल्या जात नाही, असे त्यांचे म्हणणे. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण अपिलानंतर प्रकरण पुन्हा चालले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम झाला, की एका महिन्यात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करतो म्हणून कळवले! वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर केवढी टीका झाली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेस व राजकोटास स्त्रियांच्या इस्पितळांत त्यांनी आयुष्य वेचले. १९५५ साली त्या वारल्या.

या गोष्टीत कोणी कोणाला काठीने मारल्याचे नाही. तरी बाईच्या मनाविरुद्ध तिला एका घरात डांबायचे आणि नाही म्हटले तर तुरुंगाचा धाक घालायचा, हा जाच नाही तर काय? नांदायला न जाणाऱ्या बाईला तुरुंगात घालण्याची तरतूद १९२३ साली रद्द झाली. म्हणजे एवढे समजायला सरकारला आणखी छत्तीस वर्षे लागली. नांदायला येण्याचा दावा मात्र १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात राहिलाच.

१९८३ साली फौजदारी कायद्यात ४९८-अ हे कलम आले आणि नवऱ्याने वा सासरच्यांनी केलेला छळ हा गुन्हा ठरला. त्यात शरीराबरोबर मनाचा छळही धरला. हे कलम आता नव्या न्यायसंहितेत गेले आहे. पुढे २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. मारहाण, लैंगिक छळ, शिवीगाळ व अपमान आणि पैशाची अडवणूक, या चारी गोष्टींना त्याने हिंसा म्हटले. मूल नाही, मुलगा नाही म्हणून टोचून बोलणेही त्यात आले. स्त्रीधन काढून घेणे, घरखर्चाला पैसे न देणे हेही आले. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर जाच करणारी सासू किंवा नणंद असली, तरी तिच्याविरुद्धही दाद मागता येते. भगिनींनो, हे आपल्यालाही लागू आहे. आज ना उद्या आपणही सासवा होणार.

आता ओळखायचे कसे? भांडणे कोणाच्या घरी होत नाहीत? भांडणात दोघे बोलतात आणि दुसऱ्या दिवशी चहा होतो. जाचात एकच बोलतो आणि दुसरीला धाक बसलेला असतो. भाजीच्या पैशांचा पैपैचा हिशेब द्यावा लागतो. माहेरी जायला बंदी, आईचा फोन आला तर शेजारी उभे राहून ऐकायचे, मैत्रिणी एकेक करून तोडायच्या, मुलांदेखत ‘तुला अक्कल नाही’ म्हणायचे. एकेक गोष्ट क्षुल्लक वाटते. “काळजी करतात हो माझी,” असे ती बाईही सांगते. पण एकत्र धरले म्हणजे दिसते, की बाईला स्वतःचे असे काही उरलेले नाही. हळदीकुंकवाला आलेली बाई पाच-पाच मिनिटांनी घड्याळ पाहत असेल, पन्नास रुपये वर्गणीसाठीही ‘विचारून सांगते’ म्हणत असेल, तर तिला कंजूष किंवा घुमी म्हणण्याआधी थोडा विचार करावा.

‘दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडायचे?’ असे पुष्कळजणी म्हणतात. २००५ च्या कायद्याने याचे उत्तर दिले आहे. जाच होतो आहे असे वाटले तर शेजारीणही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि चांगल्या हेतूने कळवले तर तिच्यावर कसलेही बालंट येत नाही. त्या बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. १८१ या नंबरावर फोनही करता येतो. मात्र आधी तिला एकटीला गाठून विचारावे. तिच्या मनाविरुद्ध घाई करू नये, कारण मार शेवटी तिलाच बसतो.

रखमाबाईंच्या पाठीशी आई होती, सावत्र वडील होते, मुंबईतली चार शहाणी माणसे होती. म्हणून त्या टिकल्या. आपल्या गल्लीतल्या बाईमागे निदान आपले मंडळ तरी असावे, एवढी विनंती करून हे चार शब्द पुरे करते.