वापरलेल्या कार्डाची साक्ष

टेबलावर एक टोकन आहे. तपकिरी पितळी रंगाचं, जुन्या रुपयापेक्षा किंचित लहान. एका अंगाला एक खाच, दुसऱ्या अंगाला शेजारी शेजारी दोन. वर टेलिफोनचं चित्र, इटालियन भाषेत ‘टेलिफोनचं टोकन’ अशी अक्षरं आणि चार बारीक अंक: ७७०४. किंमत मात्र कुठेही छापलेली नाही. इटलीत याला ‘जेत्तोने’ म्हणत. ७७०४ म्हणजे १९७७ सालचा चौथा महिना. एप्रिल १९७७ मध्ये हे टोकन घडवलं गेलं.

हा लेख टेलिफोनच्या कार्डांविषयी आहे, आणि तरी मी टोकनापासून सुरुवात करतो आहे. पैसे आधी भरून घेतलेलं जगातलं पहिलं टेलिफोन कार्ड इटलीत १९७६ साली निघालं, असं या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असतं. ते बरोबरच आहे. पण त्यापुढे ‘आणि टोकनांची गरज संपली’ असं वाक्य आलं की हे टोकन समोर ठेवावं. कार्ड आल्याच्या पुढच्या वर्षीही कारखान्यात टोकनं पडत होती. ती चलनातून कायमची गेली ३१ डिसेंबर २००१ ला, लिरा आपला मुक्काम हलवत होती त्याच दिवसांत. म्हणजे कार्ड आणि टोकन पंचवीस वर्षं एकत्र नांदली. एखाद्या वस्तूवरच्या चार अंकांनी एवढं सांगावं, हेच या छंदातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

टोकनावर किंमत का नाही, हेही कार्डाच्या जन्माशी निगडित आहे. टोकन एका कॉलचं. कॉलचा दर बदलला की टोकनाचं मोल आपोआप बदले. १९७२ मध्ये ते ५० लिरा झालं, १९८० मध्ये १००, १९८४ मध्ये २००. महागाईच्या काळात न घसरणारं नाणं लोकांना दुसरं कुठलं मिळणार? त्यातच १९७५ च्या सुमारास इटलीत सुट्ट्या पैशांची भयंकर टंचाई झाली. दुकानदार गोळ्या देत, टपाल तिकिटं देत, टेलिफोनची टोकनं देत. डिसेंबर १९७५ मध्ये तुरीनच्या सान पाओलो बँकेने ५०-१०० लिरांचे छोटे धनादेश काढले आणि पाठोपाठ इतर बँकांनीही. ‘मिनी-असेन्यी’ नावाने ते १९७८ पर्यंत हातोहाती फिरले. किराणा दुकानात ‘सुट्टे नाहीत, चॉकलेट घ्या’ हे ऐकलेल्या माणसाला ही परिस्थिती वेगळी समजावून सांगायला नको.

अशा दिवसांत टेलिफोनच्या डब्यात साठलेली टोकनं म्हणजे रस्त्यावर ठेवलेली तिजोरी. डबे फुटू लागले. सिडा नावाच्या कंपनीने १९७५ मध्ये कार्डाचे आणि कार्डावर चालणाऱ्या टेलिफोनचे नमुने तयार केले आणि १९७६ मध्ये कार्डं लोकांच्या हाती दिली. पातळ पुठ्ठ्यासारखं कार्ड, पाठीवर चुंबकीय पट्टी. इथे दोन सालं आहेत आणि त्यांची गल्लत होता कामा नये. १९७५ चं कार्ड हा नमुना: तो अभियंत्याच्या टेबलावर जन्मतो आणि तिथेच राहू शकतो. १९७६ चं कार्ड कुणीतरी पैसे मोजून घेतलेलं. संग्राहकांच्या बोलण्यात पहिल्याला प्रोटोटाइप म्हणतात. रस्त्यावर मर्यादित भागात चालवून पाहिलं ते ट्रायल. दुरुस्तीला येणाऱ्या कामगाराने यंत्र तपासायला वापरलं ते टेस्ट किंवा सर्व्हिस कार्ड. बाजारात हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, कारण ‘प्रोटोटाइप’ म्हटलं की भाव चढतो. इतिहास लिहिणाऱ्याला मात्र विचारावंच लागतं की हे कार्ड कुणा सामान्य माणसाने कधी यंत्रात घातलं होतं का?

याचं उत्तर कार्डच देतं. पण सगळी कार्डं सारखी बोलत नाहीत. चुंबकीय पट्टीचं कार्ड या बाबतीत अगदी मुकं. त्यातलं मोल संपलं तरी वरून काही दिसत नाही. पुढे इटलीच्या कार्डांना एक कोपरा टिंबांच्या रेघेवर मोडून काढायचा असे. कोपरा शाबूत म्हणजे कार्ड कोरं. बाजारात किंमत कोपऱ्याला आहे. अभ्यासात मात्र कोपरा गेलेलं कार्डच अधिक उपयोगी, कारण ते यंत्रापर्यंत जायला निघालं होतं एवढं तरी त्यावरून कळतं.

स्वित्झर्लंडमधल्या त्सूग गावच्या लांडिस अँड गीर कंपनीने वेगळी वाट धरली. या कंपनीचा मूळ धंदा विजेच्या मीटरचा. तिच्या हाताखालची सोडेको ही जिनिव्हाची कंपनी. हे नाव ‘जिनिव्हाची मीटर कंपनी’ अशा अर्थाच्या फ्रेंच नावाचं आद्याक्षरी रूप आहे, आणि सार्वजनिक टेलिफोन बनवण्यात ती मुरलेली. सुरुवातीच्या चाचणी-कार्डांवर सोडेको हे नाव दिसलं की संग्राहक हरखतात ते यामुळे. मला मात्र त्या नावातला ‘मीटर’ महत्त्वाचा वाटतो. मोजणं हा ज्यांचा पिढीजात धंदा, त्यांना कार्ड म्हणजे छोटी पेटी वाटली नाही, मोजपट्टी वाटली.

कार्डाच्या अंगावर एक अरुंद पट्टी असे. तिच्या आत, लाखेच्या पातळ थराखाली, प्रकाशाला ठरावीक दिशेने वळवणाऱ्या अतिसूक्ष्म रेघा ठशाने उमटवलेल्या असत. यंत्र त्यावर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकी. रेघा शाबूत असतील तर प्रकाश अपेक्षित जागी परते. बोलणं सुरू झालं की एकेका एककागणिक यंत्र एक तापलेला ठसा त्या पट्टीवर टेकवी आणि तेवढ्या जागेतल्या रेघा वितळून सपाट होत. सपाट झालेली जागा पुन्हा भरता येत नाही. ज्या घरात मीटर मागे फिरवणं हा गुन्हा, त्या घरातून आलेली ही युक्ती आहे, हे लगेच पटतं.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बेल्जियममध्ये या पद्धतीची चाचणी झाली. जुलै १९८१ मध्ये ती ब्रिटनमध्ये आली: लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टर आणि ग्लासगो या शहरांत, ४० आणि २०० एककांच्या कार्डांसह. इथे तारखेचा एक सापळा आहे. ब्रिटिश टेलिकॉम हे महामंडळ कायद्याने टपाल खात्यापासून वेगळं झालं १ ऑक्टोबर १९८१ ला. मग जुलैच्या चाचणीचं श्रेय ब्रिटिश टेलिकॉमला कसं, अशी शंका कुणालाही यावी. पण टपाल खात्याचा दूरध्वनी विभाग हे नाव आदल्या वर्षापासूनच लावत होता. नाव आधी आलं, कायदा मागून आला. निव्वळ कायद्याच्या तारखेवर विसंबून एखादं कार्ड ‘ऑक्टोबर १९८१ नंतरचंच’ ठरवलं, तर चाचणीची कार्डंच हिशेबाबाहेर जातील.

लांडिस अँड गीरच्या पुढच्या कार्डांच्या पाठीवर एक क्रमांक ठोकलेला असे. पहिला अंक सालाचा शेवटचा, पुढचे दोन महिन्याचे, मग एक अक्षर आणि अनुक्रमांक. ८०६ ने सुरू होणारं कार्ड म्हणजे आठ साल, जून महिना. आठ म्हणजे १९८८ की १९९८? क्रमांक दशक सांगत नाही. ते बाकीच्या खुणांवरून ठरवावं लागतं: कंपनीचं बोधचिन्ह कोणतं आहे, एककांचा आकडा त्या वर्षाच्या दराशी जुळतो का, उष्णतेने खुणा उमटणारी पांढरी पट्टी दर्शनी बाजूला आहे की नाही. एका खुणेवर काळ ठरवू नये, दोन जुळल्या तर लिहावं, तिसरी विरोधात गेली तर पुन्हा पहिल्यापासून पाहावं. शिलालेखाच्या अभ्यासकाची जी शिस्त, तीच या प्लास्टिकच्या तुकड्याला लागू आहे.

जपानच्या कार्डांबाबत नावाची खूण फार उपयोगी पडते. तिथे २३ डिसेंबर १९८२ ला कार्ड-टेलिफोन सुरू झाला आणि पहिल्या कार्डाचं चित्र तारो ओकामोतो या ख्यातनाम चित्रकाराने केलं. १ एप्रिल १९८५ ला सरकारी महामंडळ जाऊन एनटीटी ही कंपनी आली. जुन्या महामंडळाचं नाव असलेलं कार्ड छापलं गेलं ते बदलाच्या आधीच्या काळात. जपानी यंत्राने आणखी एक मेहरबानी केली आहे: पट्टी चुंबकीय असली तरी कार्डावर छापलेल्या मापाशेजारी ते बारीक भोक पाडी. साधारण किती उरलं, ते ग्राहकाला भोकावरून कळे. आज आपल्याला किती वापरलं ते कळतं.

फ्रान्समध्ये कागदपत्रं भरपूर आहेत. रोलाँ मोरेनो या पत्रकारी करून पोट भरणाऱ्या तरुणाने २५ मार्च १९७४ ला पेटंटसाठी अर्ज दाखल केला. २७ जुलै १९७६ ला मिळालेल्या अमेरिकी पेटंटच्या शीर्षकात माहिती साठवण्याच्या पद्धतींचा आणि यंत्रणांचा उल्लेख आहे. कार्ड हा शब्द नाही, टेलिफोनही नाही. त्याच्या मनातली पहिली वस्तू बोटात घालायची अंगठी होती. १९७६ मध्ये त्याने पैसे वळते करण्याचं प्रात्यक्षिक दाखवलं ते मेकॅनो खेळाच्या पट्ट्या जोडून उभ्या केलेल्या यंत्रावर. टेलिफोन या गोष्टीत फार उशिरा येतो. हे ध्यानात ठेवलं की ‘मोरेनोने टेलिफोन कार्ड शोधलं’ असं ठोकून देण्याआधी हात थांबतो. जर्मनीत हेल्मुट ग्रोटरुप आणि युर्गेन डेटलॉफ यांनी १९६८ मध्येच अशा वस्तूसाठी अर्ज केला होता. त्यांचं जर्मन पेटंट मंजूर व्हायला १९८२ उजाडलं. अर्जाची तारीख धरली तर जर्मन पुढे, मंजुरीची धरली तर मोरेनो. दोन्ही तारखा लिहाव्यात आणि कोणती धरून बोलतो आहोत तेही लिहावं.

फ्रेंच दूरसंचार खात्याने चिपचं कार्ड, ‘तेलेकार्त’, १९८३ मध्ये आणलं. त्याच्या आत २५६ बिटांची स्मृती. पहिले ९६ बिट कार्ड घडवतानाच लिहून, आतली वितळतार जाळून, कायमचे बंद केलेले. उरलेल्यांतून एककं कापली जात. एकदा लिहिलेला बिट यंत्राला पुसता येत नसे. एसटीच्या कंडक्टरने पंच केलेल्या तिकिटाचं ते विजेचं रूप आहे. वापरलेलं तेलेकार्त वरून कोऱ्यासारखंच दिसतं, पण वाचक-यंत्रात घातलं की त्याचा हिशेब आजही वाचता येतो. आणि यंत्र नसलं तरी डोळ्यांना एक खूण पुरते. सुरुवातीच्या फ्रेंच कार्डांवर सोनेरी संपर्क-पट्टी वरच्या कडेच्या जवळ आहे, तिथल्या राष्ट्रीय मानकाप्रमाणे. नंतरच्या कार्डांवर ती खाली सरकते, कारण मधल्या काळात आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. आज आपल्या खिशातल्या बँकेच्या कार्डावर ती त्याच सरकलेल्या जागी आहे. चुकून उलटसुलट मिसळलेली शंभर फ्रेंच कार्डं या एका खुणेने दोन ढिगांत पटकन लावता येतात.

आपल्याकडे हा टप्पा फार पातळ राहिला, आणि त्याचं कारण मला गरिबीत दिसत नाही. एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाटीखाली माणूस बसलेला असे. छापील बिल देणारं मीटर त्याच्यासमोर, सुट्टे त्याच्या गल्ल्यात. यंत्राने नाणी कशी सांभाळायची हा युरोपातला प्रश्न तिथे उभाच राहिला नाही. आपल्या लोकांची कार्डांशी खरी ओळख झाली ती आखातात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून तिकडे कामाला गेलेल्यांच्या सामानात संपलेली कार्डं परत आली आणि घरातल्या पोरांच्या खेळात गेली. अशी घासलेली कार्डं पाहिली की बाजार तोंड फिरवतो. मी ती आधी हातात घेतो.

कोऱ्या कार्डाचं मोल मी नाकारत नाही. छपाईचा रंग, मूळ अक्षर, कडेची खाच (ही अंध माणसाला कार्ड कोणत्या बाजूने घालायचं ते बोटांनी कळावं म्हणून) हे कोऱ्यावर नीट पाहता येतं. पण चाचणी खरोखर झाली, लोकांनी ती स्वीकारली, एका वेळी थोडं थोडं बोलून कार्ड पुरवून वापरलं, हे सांगणारं कोरं कार्ड एकही नाही. म्हणून कार्ड धुऊ-पुसू नये, लॅमिनेट तर मुळीच करू नये: प्लास्टिकच्या उष्णतेने पांढरी पट्टी काळी पडते आणि साक्ष पुसली जाते. ज्या गठ्ठ्यातून आलं त्याची नोंद पाकिटावर पेन्सिलीने करावी. सोबत काय होतं, कुणी दिलं, कोणत्या गावात मिळालं. गठ्ठा फोडून एकेक कार्ड विकलं की ही नोंद पुन्हा जुळवता येत नाही.

टोकनाशेजारी एक हिरवं ब्रिटिश कार्ड पडलेलं आहे, चाचणीनंतरचं, अगदी साधं, कुणीही न वेचावं असं. दिव्याखाली तिरपं धरलं की पांढऱ्या पट्टीवरच्या खुणा दिसतात: आधी दाट ओळीत, मग जरा विरळ, अर्ध्याच्या थोडं पुढे जाऊन थांबलेल्या. त्यापुढची पट्टी स्वच्छ आहे.