माउंट गॉक्सची खातेवही

कुणी मोबाइल पुढे करून "हे बघ, माझ्याकडे एवढे बिटकॉइन आहेत" म्हणालं, की मला माउंट गॉक्स आठवतं. नाव डोंगराचं वाटतं ना? मूळ मात्र पत्त्यांत आहे! 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळाच्या ऑनलाइन पत्त्यांच्या देवघेवीसाठी जेड मॅककॅलेबने घेतलेलं ते डोमेन. २०१० मध्ये त्याने तिथे बिटकॉइनचा बाजार मांडला आणि २०११ मध्ये सगळा पसारा टोकियोतल्या मार्क कार्पेलेस या फ्रेंच प्रोग्रॅमरला विकून मोकळा झाला. २०१३ पर्यंत जगातले निम्म्याहून जास्त बिटकॉइन व्यवहार इथे होत होते.

आता गंमत बघा. एक्स्चेंजवर तुम्ही नाणं घेता तेव्हा ब्लॉकचेनवर बहुधा काहीच हलत नाही. त्यांच्या डेटाबेसमध्ये तुमच्या नावापुढचा आकडा बदलतो, बस्स. खऱ्या नाण्याची चावी, म्हणजे प्रायव्हेट की, त्यांच्याकडेच. गॉक्समधून २०११ पासून नाणी चोरीला जात होती आणि स्क्रीनवरचे आकडे जागच्या जागी! वही आणि गल्ला रोज ताडून बघावा, हे आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्यालाही सांगावं लागत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये आधी नाणी काढणं बंद झालं, मग २८ तारखेला दिवाळखोरीचा अर्ज. साडेआठ लाख नाणी गायब. (पुढे दोन लाख एका जुन्या वॉलेटमध्ये 'सापडली'. धन्य आहे!)

त्यानंतरचं कोर्टाचं प्रकरण जास्त शिकण्यासारखं. दिवाळखोरीत लोकांचे दावे २०१४ च्या भावाने येनमध्ये गोठले. नाण्याचा भाव कितीही चढो, तुम्ही रांगेतले एक धनको. २०१८ मध्ये टोकियोच्या कोर्टाने पुनर्वसनाची वेगळी प्रक्रिया मान्य केली, म्हणून नाण्यांच्या रूपात परतफेड शक्य झाली. ती सुरू झाली जुलै २०२४ मध्ये. दहा वर्षांनी!

आणि त्याच महिन्यात, १८ जुलैला, आपल्याकडच्या वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली. तिथे तर अनेक सह्यांशिवाय न उघडणारं वॉलेट होतं. तिथेही तेव्हा नाणी काढणं बंद झालं.

असो. मी एक्स्चेंजवर चालू व्यवहारापुरतंच ठेवतो, बाकीचं हार्डवेअर वॉलेटमध्ये. त्याचे २४ शब्द कागदावर, फोटो नाही, ईमेल तर नाहीच. यात कस्टमर केअर नसतं बरं का, कागद गेला की नाणी गेली. म्हणून तो कुठे आहे हे घरात आणखी एका माणसाला माहीत आहे.