वर्गातली भिंत कोणाची?

२०२५ साली अमेरिकेच्या आयडाहो राज्यात, मेरिडियन येथील सरकारी शाळेत सहावीला शिकवणाऱ्या एका शिक्षिकेला वर्गातला फलक उतरवण्यास सांगण्यात आले. फलकावर निरनिराळ्या वर्णांचे हात होते आणि ‘इथे सर्वांचे स्वागत आहे’ अशा अर्थाचा मजकूर होता. यात आक्षेपार्ह ते काय, असे अनेकांनी विचारले. कायद्यापुढचा प्रश्न मात्र वेगळाच आहे: वर्गातली भिंत कोणाची?

१९६८ च्या पिकरिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकाची बाजू घेतली. शिक्षण मंडळाच्या खर्चावर वर्तमानपत्रात टीका केली म्हणून त्याला बडतर्फ करण्यात आले होते. पुढच्याच वर्षी, टिंकर खटल्यात, शाळेच्या दारात विद्यार्थी व शिक्षक आपले भाषणस्वातंत्र्य सोडून येत नाहीत, असे तत्त्व मांडले गेले. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधून शिकवणाऱ्या न्यूयॉर्क राज्यातील चार्ल्स जेम्स यांना १९७२ साली अपील न्यायालयाने याच तत्त्वाच्या आधारे न्याय दिला.

फीत अंगावर होती. भिंतीचे तसे नव्हते. लॉस एंजेलिसच्या शाळांनी समलिंगी व्यक्तींविषयी जागृतीचे फलक लावले, तेव्हा डाउन्स या शिक्षकाने विरोधी मजकुराचा स्वतःचा फलक लावला. तो काढायला लावण्यात आला. २००० साली नवव्या विभागीय अपील न्यायालयाने सांगितले, की फलकावर बोलते ती शाळा. शिक्षकाने तिथे आपले मत मांडण्याचा हक्क सांगू नये. २०११ मध्ये याच न्यायालयाने सॅन डिएगोजवळच्या पोवे येथील गणित शिक्षक जॉन्सन यांचे देवाचा उल्लेख असलेले मोठे फलक उतरवण्याचा आदेश वैध ठरवला. त्याआधी, २००६ च्या गार्सेटी निकालाने, नोकरीचा भाग म्हणून केलेले भाषण संरक्षणाबाहेर टाकले होते.

डाउन्स आणि जॉन्सन हरले, तेव्हा समावेशक शाळेचा पुरस्कार करणाऱ्यांना ते निकाल हिताचे वाटणे स्वाभाविक होते. पण आयडाहो राज्य याच नवव्या विभागात येते. लॉस एंजेलिसमध्ये समावेशक फलक टिकले ते शाळा प्रशासनाची तशी इच्छा होती म्हणून. मेरिडियनमध्ये तशी इच्छा नव्हती. ज्या निकालांनी एका शिक्षकाचा विरोधी फलक उतरवला, तेच निकाल आता दुसरीच्या स्वागताच्या फलकाआड येतात. शाळांतील ध्वज व फलकांवर निर्बंध घालणारा आयडाहोचा नवा कायदाही जुलै २०२५ पासून लागू झाला.

तिथली शिक्षण मंडळे बहुधा मतदारच निवडतात. त्यामुळे वर्गातल्या भिंतीवर काय राहणार, हे ठरवण्याची जागा आज न्यायालयापेक्षा मतपेटीजवळ अधिक आहे.